उभ्या राहणाऱ्या गाडीचं काय करशील?

"काका, नमस्कार. मी 33 वर्षांचा, जुळे सोलापुरात राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, तो मी आणि भाऊ बघतो. कॉलेजात पल्सर 150 होती, ती लग्नाच्या वेळी विकली. गेली सात वर्षं अ‍ॅक्टिवाच. मागच्या महिन्यात पुण्याला कामासाठी गेलो तेव्हा कावासाकीच्या शोरूममध्ये निंजा 650 वर बसलो. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. ऑन रोड सव्वानऊ लाख सांगितलेत. सव्वादोन माझ्याकडे आहेत, सात लाखांचं कर्ज बँक द्यायला तयार आहे. मित्रांचा ग्रुप आहे, महिन्यातून एक-दोन रविवार सकाळी नळदुर्ग, अक्कलकोट, कधी भिगवणपर्यंत जाऊन येतात. सर्व्हिसला मात्र पुण्यालाच न्यावी लागेल. आई म्हणते, आधी वरचा मजला बांध. बायकोला अजून सांगितलेलं नाही. मुलगी चार वर्षांची आहे. आता नाही घेतली तर वय निघून जाईल असं वाटतं. घेऊ का नको, स्पष्ट सांगा. आणि मला अहोजाहो करू नका."
– एक वाचक, जुळे सोलापूर

स्पष्ट सांगा म्हणालास, म्हणून उत्तर आधी देतो आणि बाकीचं मागून: ही गाडी आत्ता घेऊ नकोस.

हे वाचून 'काकाही आईच्याच पार्टीत गेले' म्हणत मोबाइल बाजूला ठेवू नकोस. तुझ्या वरच्या मजल्याशी माझं देणंघेणं नाही. मोठ्या गाड्यांशी माझं वैर तर त्याहून नाही. मी मित्राच्या आरएक्स 100 च्या मागच्या सीटवर बसून कॉलेज केलं आणि पुढं स्वतःची घ्यायला दोन वर्षं बाहेरचा चहा बंद ठेवला. 98 सीसी, अकरा हॉर्सपॉवर. आज ऐकायला हसू येईल, पण नव्या पेठेतून निघून पार्क चौकात पोचेपर्यंत छाती दोन इंच पुढं आलेली असायची. त्यामुळं शोरूममध्ये तू त्या सीटवर बसलास, टाकीवर वाकलास, दोन्ही हात हँडलला लागले आणि पोटात काहीतरी हललं, ते मला कळतं. सेल्समननं चहा विचारला असेल आणि तुला तो ऐकूही आला नसेल.

माझी अडचण आहे ती तुझ्या पत्रातल्या एका ओळीशी. 'महिन्यातून एक-दोन रविवार.'

भिंतीवरचं कॅलेंडर काढ. वर्षाचे 52 रविवार. जून ते सप्टेंबर पावसाचे. आपल्याकडं पाऊस कमी, पण पडतो तेव्हा शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांना लागून काळी माती रस्त्यावर येते आणि डांबरावर लोण्यासारखा थर बसतो. त्यातले निम्मे रविवार गेले. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, म्हणजे पहाटे निघून नऊच्या आत घरात. जानेवारीत गड्ड्याची जत्रा, घरी पाहुणे. मग लग्नसराई. दिवाळीआधी कारखान्यात ऑर्डरींची घाई, तेव्हा रविवार आणि सोमवार सारखेच. सासुरवाडी आहेच. मी मन मोठं करून वर्षाला वीस फेऱ्या धरतो. राहिलेले 345 दिवस ती गाडी जिन्याखाली कव्हर घालून उभी.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते, चेन गंजते, टायर एकाच जागी दबतात, टाकीतलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं. या सगळ्याला उपाय आहेत. बारीक करंट देणारा चार्जर मिळतो, चाक उचलून धरणारा स्टँड मिळतो, चेनला स्प्रे मिळतो. पण गाडी उभी असताना चालवणाऱ्याचा हातही उभाच असतो, आणि त्याच्यासाठी दुकानात काही मिळत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

1997 साल. मी एकतीसचा, म्हणजे जवळपास तुझ्याच वयाचा. रोज कामाला कायनेटिक होंडा स्कूटर. तेवढ्यात ओळखीतल्या एकाकडून एक जुनी 350 सीसीची गाडी मिळाली. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोक. नाव घेत नाही, त्या काळातल्यांनी ओळखलंच असेल. ती माझी रविवारची गाडी. बाकीचे दिवस अंगणात ताडपत्रीखाली. शनिवारी संध्याकाळी ताडपत्री काढून मी तिला पुसायचो आणि गल्लीतली पोरं भोवती गोळा व्हायची. खरं सांगतो, चालवण्यापेक्षा ते पुसणंच जास्त झालं असेल.

मार्चमधला एक रविवार. जवळजवळ महिनाभर तिला हात लावलेला नव्हता. सकाळी साडेसहाला तुळजापूरला निघालो. तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा रुंद नव्हता. तामलवाडीच्या अलीकडं एक वळण, आणि वळणापलीकडं कडब्यानं भरलेल्या दोन बैलगाड्या, एक दुसरीला ओलांडत. कडबा दोन्ही बाजूंना इतका बाहेर आलेला की रस्ता म्हणून काही उरलंच नव्हतं. माझा वेग साठ-पासष्ट. म्हणजे फार नाही.

आता इथं जरा सावकाश वाच. कायनेटिक होंडाला डाव्या हाताला ब्रेक असायचा, तुझ्या अ‍ॅक्टिवाला आहे तसाच. मोटारसायकलला डाव्या हाताला क्लच. मी दचकलो आणि माझी डावी मूठ गच्च आवळली गेली, आठवड्यातले सहा दिवस आवळायची तशी. ब्रेक कुठला लागतोय? क्लच दाबला गेला, इंजिनाची मागची ओढ सुटली आणि गाडी दोर तुटल्यासारखी मोकळी पुढं पळाली. त्यानं मी आणखी घाबरलो आणि पायाचा ब्रेक जीव खाऊन दाबला. मागचं चाक जाम. उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर पोचली तेव्हा गाडी आडवी झालेली होती आणि मी कडब्यात होतो. कडबा होता म्हणून खांद्याजवळच्या हाडावर निभावलं. बैलांनी मान वळवूनही बघितलं नाही.

सहा आठवडे हात गळ्यात. बायको ताक-भाकरी कालवून समोर ठेवायची आणि एक शब्द बोलायची नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गाडीत दोष नव्हता, रस्त्यात नव्हता, वेगही बेताचा होता. हात त्या गाडीवर राहिलेला नव्हता, बस. आपण म्हणतो ना, गाडीवर हात बसला. तो बसतो तसा उठतोही, आणि उठलेला कळत नाही, कारण सरळ रस्त्यावर सगळं ठीकच चाललेलं असतं. तुझी परिस्थिती हुबेहूब तीच आहे. सात वर्षं रोज एमआयडीसीत ये-जा करून तुझ्या डाव्या हातानं 'ब्रेक इथं आहे' हे पाठ केलंय. माझी गाडी बापडी जुनी. तुझी 68 हॉर्सपॉवरची असेल. पल्सर 150 ची ताकद चौदाच्या आसपास, अ‍ॅक्टिवाची आठाच्याही आत. वजन अ‍ॅक्टिवापेक्षा जवळपास नव्वद किलोंनी जास्त.

लहानपणी होम मैदानावर गड्ड्यात मौत का कुआँ बघितला असशीलच. लाकडी फळ्यांचा तो कुवा, फळ्या थरथरतायत, वर कठड्यावर आपण नोटा धरून उभे, आणि तो गडी हँडल सोडून गोल फिरत येऊन बोटांतली नोट उचलून नेतो. त्याची गाडी कधी नीट बघितलीस का? जुनीपानी, सायलेन्सर काढलेली, मडगार्ड नाही, टाकीचा रंग उडालेला. भंगारवाला किलोवर घेईल अशी. मी एकदा खेळ संपल्यावर खाली जाऊन एकाशी बोललो होतो. दिवसाला दहा-बारा खेळ करतो म्हणाला. गावाकडं जाऊन आल्यावर मात्र पहिल्या दिवशी नोटांना हात लावत नाही, नुसत्या फेऱ्या मारतो. मृत्यूच्या विहिरीत पोट भरणाऱ्या माणसाचा हा नियम, आणि आपण महिनाभरानं कव्हर काढून थेट हैदराबाद हायवेला लागणार.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत फारच दयाळू आहे. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स एकदा मिळालं की झालं. शंभर सीसीवर आठाचा आकडा काढून दाखवलेला माणूस त्याच लायसन्सवर 1340 सीसीची हायाबुसा चालवू शकतो. युरोपात तसं नाही. तिथं तरुण पोरांना आधी दोन वर्षं 35 किलोवॅटच्या, म्हणजे साधारण 47 हॉर्सपॉवरच्या आतली गाडी चालवावी लागते. थोराड वयात थेट मोठ्या गाडीचं लायसन्स हवं असेल, तर परीक्षा मोठ्या गाडीवरच द्यायची. तुझी 68 ची त्या पहिल्या पायरीच्या बरीच वर बसते. इथं तुला कोणी अडवणार नाही, म्हणून ती पायरी तुझी तूच बांधायची आहे.

आता वेगाचं. तू पत्रात वेगाचा शब्दही काढला नाहीस, म्हणून मीच काढतो. चौपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादा ताशी 80 किलोमीटर. 650 दुसऱ्या गिअरमध्येच तिच्या पलीकडं जाते, आणि गिअर सहा आहेत. 'मी ऐंशीच्या वर नेणार नाही' असं मला सांगू नकोस. ऐंशीवर ती गाडी अर्धवट झोपेत असते आणि तू तिला जागी करणारच. म्हणून गणित दाखवतो. रस्ता कोरडा, टायर चांगले, तू सावध, ब्रेक दाबायला एक सेकंद लागला असं धर. 80 वर गाडी थांबायला साधारण 55 मीटर लागतात. 140 वर साधारण 140 मीटर. वेग पावणेदोन पट, अंतर अडीच पट. आणि तो जो एक सेकंद नुसता कळण्यात जातो, त्यातच 140 वर 39 मीटर गेलेले असतात.

हे मीटर आपल्या रस्त्यावर मांडून बघ. ऑक्टोबर-नोव्हेंबरला धुराडी पेटली की मार्चपर्यंत मोहोळ, टेंभुर्णी, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठल्याही बाजूला जा, उसाच्या ट्रॉल्या आहेतच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. पहाटे अंधारात तुझ्या खालच्या झोताचा उजेड पन्नासेक मीटरपर्यंत पोचतो. म्हणजे ऐंशीवरसुद्धा हिशेब थोडक्यात चुकतोय. शिवाय सर्व्हिस रोड सोडून उलट्या दिशेनं येणारे, दुभाजकाच्या फटीतून पलीकडच्या शेतात जाणारे, टोलनाक्याच्या अलीकडं कुत्र्यांची टोळी. यातल्या कोणाला तुझ्या हॉर्सपॉवरशी घेणं नाही.

शहरातलं तर सोडच. मे महिन्यात दुपारी दोनला सात रस्त्याच्या सिग्नलला ती गाडी घेऊन उभा राहा. रेडिएटरचा पंखा चालू होतो आणि इंजिनाची धग मांड्यांशी येते. वर ऊन, खाली भट्टी. आमचा एक मिस्त्री म्हणायचा, अशा गाडीवर चपाती ठेव, सातरस्त्यापासून विजापूर नाक्यापर्यंत फुगेल.

पैशाचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण हप्ता असतो. सात लाख, पाच वर्षं, व्याज अकरा टक्के धरलं तर महिन्याला साधारण 15,200 रुपये. पाच वर्षांत व्याजाचेच दोन लाख दहा हजारांच्या वर. कारखान्याची ऑर्डर येवो न येवो, सूत महाग होवो, हप्ता पाच तारखेला ठरलेला. मग विमा: 350 सीसीच्या वरच्या गाड्यांना थर्ड पार्टीचा दरही सगळ्यात वरच्या गटातला. टायर चिकट रबराचे, मऊ. मागचा दहा-बारा हजार किलोमीटर गेला तर खूश राहायचं, आणि नवी जोडी काही तुझ्या पल्सरच्या भावात येत नाही. हेल्मेट, जॅकेट, ग्लव्हज, बूट, गुडघ्याचे गार्ड यांचे वेगळे तीस-चाळीस हजार. यात काटकसर करायची नाही, म्हणून आधीच धर.

आणि सर्व्हिस पुण्यात! सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, जाऊन-येऊन पाचशे. पहिली सर्व्हिस हजार किलोमीटरला. म्हणजे गाडी पुण्याहून आणलीस तेव्हाच अडीचशे झाले, सर्व्हिसला नेताना आणखी अडीचशे. पहिल्या हजारातले निम्मे किलोमीटर शोरूमच्याच वाटेवर. त्यात नव्या इंजिनाला सुरुवातीला जोरात फिरवायचं नसतं. वीस फेऱ्यांच्या वर्षातल्या दोन-तीन फेऱ्या तू इंदापूरच्या धाब्यावर 'सर्व्हिसला चाललोय' असं सांगत घालवणार. कुठं ब्रेकचं लिव्हर मोडलं, इंडिकेटर तुटला, तर पार्ट येईपर्यंत गाडी पुन्हा कव्हरखाली.

आता 'नको' म्हणून तुला अ‍ॅक्टिवावर परत पाठवणं मला जमणार नाही. तू सात वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट आहे ती, नुसतं 'मोठा हो' म्हटल्यानं जात नसते. माझं म्हणणं एवढंच, की जी गाडी रोज बाहेर निघेल ती घे.

आधी एक महिना-दीड महिना फुकटातला प्रयोग कर. भावाची, मित्राची, कुणाचीही गिअरची गाडी घे आणि त्याला अ‍ॅक्टिवा दे. रोज कामाला तीच. जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, आसरा पुलावरच्या गर्दीसकट. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी सातला एमआयडीसीतले रस्ते मोकळे मिळतात. एका जागी खडूनं रेघ मार आणि ताशी चाळीसनं येऊन त्या रेघेपासून ब्रेक लाव. पुढचा आणि मागचा दोन्ही, पुढचा झटक्यानं न ओढता पिळत पिळत. गाडी कुठं थांबली तिथं चपलेनं खूण कर. पन्नास वेळा. मग साठनं. वॉचमन वेडा समजेल, समजू दे. पहिल्या दिवशीची खूण आणि विसाव्या दिवशीची खूण यांतलं अंतर तुझं तुलाच दिसेल. मी पडल्यानंतर हे केलं. आधी करायला हवं होतं.

यात एक गंमत अशी की काहींची हौस या दीड महिन्यातच फिटते. रोज क्लच दाबून डावं मनगट दुखायला लागलं की अ‍ॅक्टिवाची आठवण येते. तसं झालं तर सव्वानऊ लाख वाचले, आईला फोन कर.

हौस टिकली तर 350 सीसीच्या आतली स्पोर्ट गाडी बघ. ही 350 ची रेघ मी उगाच काढत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी 18 टक्के झालाय आणि त्यावरच्यांवर 40. विम्याचा गटही तिथंच बदलतो. टीव्हीएसची अपाचे आरआर 310 आहे: 312 सीसी, 38 हॉर्सपॉवरच्या आसपास, वजन 174 किलो, दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, वाकून बसायची पोझिशन हवी तर ती आहे. होसूरला बनते, इंजिन बीएमडब्ल्यूबरोबर मिळून केलेलं. तुझ्या निंजाच्या निम्म्याहून जास्त ताकद आणि किंमत साधारण तिसरा हिस्सा. कावासाकीच हवी असेल तर निंजा 300 आहे, 296 सीसी. यामाहाची आर15 तुला कदाचित पोरांची वाटेल, पण वळणावर गाडी कशी टाकायची हे तिच्याइतकं कमी पैशात कोणी शिकवत नाही. केटीएमची आरसी 390 नाव काढशील म्हणून सांगतो, ती 373 सीसी, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या बाजूला पडते, आणि स्वभावानं तापट आहे. कुठलीही घेण्याआधी सोलापुरात तिची सर्व्हिस नीट होते का, पार्ट किती दिवसांत येतो, हे शोरूमला विचारू नकोस. वर्कशॉपच्या दारात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना विचार.

तुझ्या सव्वादोन लाखांत थोडी भर घातलीस तर ही गाडी कर्जाशिवाय किंवा वर्षभराच्या किरकोळ हप्त्यात होते. ती तू सोमवारी सकाळीही काढशील. भाजी आणायला काढशील. वर्षाचे आठ-दहा हजार किलोमीटर सहज होतील, आणि हात बसेल तो त्यात. वाचलेल्या पैशातले थोडे बाजूला ठेव आणि एकदा चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर रायडिंग स्कूलला जाऊन ये; मुंबई-चेन्नई गाड्या आपल्याच स्टेशनवरून जातात. समोरून ट्रॉली येणार नाही, कुत्रं येणार नाही, अशा रस्त्यावर गाडी पूर्ण उघडायची म्हणजे काय ते तिथं कळतं. सव्वानऊ लाखांची गाडी सोलापूर-नळदुर्ग रस्त्यावर तुला ते कधीच देऊ शकणार नाही, कारण तो रस्ता त्यासाठी नाही. नळदुर्गला जा, पाणी महाल बघ, वाटेत शेंगाचटणी-भाकरी खा. त्याला 38 हॉर्सपॉवर पुरून उरतात.

ग्रुपबद्दल एकच. तुझ्यापेक्षा मोठ्या गाडीवाल्यांबरोबर जाशील तेव्हा मागं राहायची लाज सोड. 'पुढं भेटू' म्हणून मोकळा हो. जो ग्रुप पुढच्या चहाच्या टपरीवर थांबत नाही, त्याच्याबरोबर दुसऱ्या रविवारी जायचं नाही.

दोन वर्षांनी, वीस हजार किलोमीटर झाल्यावर, तुला 650 हवीच वाटली तर मला पुन्हा लिही. तेव्हा मी आजचं उत्तर देणार नाही. तुझं वय पस्तीस असेल. वय निघून जाईल म्हणतोस; अरे, मी साठीला आलोय, गेल्याच वर्षी मुलानं त्याच्या गाडीची चावी माझ्या हातात ठेवली आणि मी तुळजापूरचा घाट चढून आलो. तामलवाडीजवळ वेग आपोआप कमी झाला, ती गोष्ट वेगळी.

राहिली बायको. खरं तर तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य तेच. रविवारच्या वाक्यावर मी दोन पानं लिहिली कारण त्यावर मला बोलता येतं; हे तुझं तुलाच बोलायचंय. सव्वानऊ लाखांची वस्तू लपवून दारात आणून उभी केलीस तर ती गाडी पाच वर्षं दारात आणि भांडण दहा वर्षं घरात. आणि ती 'नाहीच' म्हणेल असं तू धरून का चाललास? तिनं कॉलेजातली तुझी पल्सर बघितलीय का? त्या पल्सरवर मागं बसलीय का? विचार तिला. पुढच्या वेळी शोरूमला एकटा जाऊ नकोस, तिला घेऊन जा आणि मागच्या सीटवर बसव. स्पोर्ट गाडीची मागची सीट म्हणजे उंचावर ठेवलेली पुस्तकाएवढी उशी असते, धरायला धड काही नसतं. ती बसून उतरल्यावर जे बोलेल ते मुकाट ऐक. मुलगी चार वर्षांची झाली म्हणजे आता कायद्यानं तिलाही हेल्मेट लागतं आणि तीही एक सवारीच; तिघं मिळून ही गाडी चालणार नाही. अ‍ॅक्टिवा विकू नकोस, तुम्हा तिघांची नसली तरी तिची गाडी म्हणून ती राहू दे.

टोकन भरलं असशील तर उद्याच फोन करून परत मिळतं का विचार, पावतीवर काय छापलंय ते आधी वाच. आणि 310 ची टेस्ट राइड घ्यायला जाशील तेव्हा मूळ लायसन्स बरोबर ने, पायात चप्पल नको, बूट घाल, आणि निघायच्या आधी गाडी जागेवर उभी असतानाच डाव्या हाताला दहा वेळा सांग: हा क्लच आहे.